एक शब्द, दोन मापे: 'कॅरेट'चा शेंगेपासून पावतीपर्यंतचा प्रवास

हिऱ्याची अंगठी घेऊन सराफाच्या पेढीतून बाहेर पडणाऱ्या ग्राहकाच्या पावतीवर 'कॅरेट' हा शब्द बहुधा दोनदा आलेला असतो. एका ओळीत '१८ कॅरेट' असे लिहिलेले असते, तर दुसऱ्या ओळीत '०.५० कॅरेट'. शब्द एकच, पण पहिला आकडा सोन्याचा कस सांगतो आणि दुसरा हिऱ्याचे वजन. पहिला कॅरेट वजनकाट्यावर मोजता येत नाही, कारण ते वजनच नव्हे. ते प्रमाण आहे. दुसरा कॅरेट मात्र काटेकोर वजन आहे: २०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा पाचवा हिस्सा.

एकाच पावतीवर, एकाच दागिन्यासाठी, एकच शब्द दोन निराळ्या अर्थांनी वापरला जावा आणि त्या दोन्ही अर्थांवर हजारो रुपयांचा हिशेब अवलंबून असावा, हा प्रकार विचित्र खरा. मात्र तो कोणाच्या चुकीमुळे घडलेला नाही. त्याचे उत्तर भूमध्य समुद्राकाठच्या एका झाडात, रोमन साम्राज्याच्या एका नाण्यात आणि अरब व्यापाऱ्यांच्या तराजूत सापडते. या वाटेवर काही काळ गोवा, विजापूर आणि गोवळकोंडाही लागतात.

शिंगासारखी शेंग

इंग्रजीत 'कॅरेट' हा शब्द पंधराव्या शतकात रुळू लागला. इंग्रजीने तो फ्रेंचमधून घेतला, फ्रेंचने इटालियन 'कारातो'पासून आणि इटालियनने अरबी 'कीरात'पासून. स्पॅनिशमधील 'किलाते' आणि पोर्तुगीजमधील 'किलात' ही याच अरबी शब्दाची रूपे. अरबीतही तो मूळचा नव्हे. तो ग्रीक 'केरातिऑन'वरून आलेला आहे.

'केरातिऑन' म्हणजे लहानसे शिंग. ग्रीकमध्ये 'केरास' म्हणजे शिंग आणि त्याचे हे लघुत्वदर्शक रूप. हे नाव ग्रीकांनी कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगेला दिले. ही शेंग तपकिरी, जाड, किंचित बाकदार असते आणि दिसायला खरोखरच एखाद्या करडाच्या शिंगासारखी भासते. तिच्यातला गर गोड असतो. भूमध्य सागराच्या परिसरात माणसेही तो खातात आणि गुरांनाही घालतात. तिच्या बियांपासून काढलेला डिंक आज आइस्क्रीम दाट करण्यासाठी वापरला जातो, म्हणजे ज्यांनी हे झाड कधी पाहिलेले नाही त्यांच्याही पोटात त्याचा अंश गेलेला असण्याची शक्यता आहे.

लॅटिन भाषिकांनी याच शेंगेला 'सिलिक्वा' म्हटले. पुढे लिनियसने या झाडाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याने ग्रीक आणि लॅटिन या दोन्ही परंपरा एकत्र बांधल्या: 'सेरॅटोनिया सिलिक्वा'. नावाचा पहिला शब्द शिंगाचा, दुसरा शेंगेचा.

मराठी वाचकाला इथे एक दूरचे नातेही दिसू शकते. ग्रीक 'केरास', लॅटिन 'कॉर्नू', इंग्रजी 'हॉर्न' आणि संस्कृत 'शृङ्ग' हे शब्द भाषाशास्त्रज्ञ एकाच इंडो-युरोपीय मुळाशी नेऊन जोडतात. 'शृङ्ग'पासून मराठीतले 'शिंग' आले. म्हणजे सराफाच्या पावतीवरचा परका वाटणारा 'कॅरेट' आणि गोठ्यातल्या बैलाचे 'शिंग' हे एका फार जुन्या कुळातले भाऊबंद ठरतात. 'शिंग' आणि 'शेंग' या मराठी शब्दांमधले साम्य पाहून मात्र तोच निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कानाला सारखे वाटणारे शब्द एकाच घरातले असतीलच असे नाही.

चोविसाचे कोडे

शेंगेच्या नावाचे वजन कसे झाले हे समजणे कठीण नाही. जुन्या काळी लहान वस्तू तोलण्यासाठी बिया हे सर्वांत सोयीचे साधन होते. कॅरोबची बी कठीण, गुळगुळीत, न कुजणारी आणि सहज मिळणारी. तिचे वजन साधारणपणे ग्रॅमच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास भरते.

पण सोन्याच्या शुद्धतेचे माप २४ का? १० किंवा १०० का नव्हे? याचे उत्तर एका नाण्यात आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने 'सॉलिडस' नावाचे सोन्याचे नाणे सुरू केले. एका रोमन पौंड सोन्यातून अशी ७२ नाणी पाडली जात. प्रत्येक नाण्याचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम असे आणि ते २४ सिलिक्वांइतके, म्हणजेच ग्रीक भाषिकांच्या २४ केरातिऑनइतके मानले जाई. पूर्वेकडील साम्राज्यात हे नाणे अनेक शतके चालले आणि दूरदूरच्या बाजारांत त्याच्यावर विश्वास ठेवला गेला.

इथेच एका शब्दाचे दोन अर्थ झाले. एका बाजूला केरातिऑन हे वजन राहिले. दुसऱ्या बाजूला, पूर्ण सोन्याचे नाणे २४ केरातिऑनचे असल्यामुळे, 'चोविसांपैकी किती' ही शुद्धता सांगण्याची भाषा बनली. चोवीसच्या चोवीस भाग सोने असेल तर ते निर्भेळ. बावीस भाग सोने आणि दोन भाग तांबे किंवा चांदी असेल तर ते २२ कॅरेट. अठरा भाग सोने असेल तर १८ कॅरेट. वजनाचा एक घटक अशा रीतीने अपूर्णांकाचे नाव झाला.

अरबी 'कीरात'नेही 'चोविसावा भाग' हा अर्थ जपला. इजिप्तमध्ये शेतजमीन आजही फेद्दानात मोजली जाते आणि एका फेद्दानाचे २४ कीरात होतात. हा कीरात सुमारे १७५ चौरस मीटरचा असतो. म्हणजे हिरेबाजारात जो शब्द २०० मिलिग्रॅम दाखवतो, तोच नाईलकाठी जमिनीचा एक तुकडा दाखवतो. सोने, हिरे आणि शेती यांना जोडणारा धागा चोविसाव्या हिश्शाचा आहे.

गुंज, वाल, मासा

बियांनी सोने तोलण्याची पद्धत भारतातही प्राचीन आहे आणि ती स्वतंत्रपणे वाढली. मराठी सराफीतील जुनी मापे पाहिली की हे लगेच ध्यानात येते. गुंज ही लाल, काळ्या ठिपक्याची बी. संस्कृतात तिला 'रक्तिका' असेही म्हणत. हिंदीतील 'रत्ती' त्यातूनच आली. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत गुंज आणि रत्ती हे दोन्ही शब्द म्हणूनच परिचयाचे असतात. 'वाल' हे नाव कडधान्याचेही आहे आणि दोन-तीन गुंजांइतक्या वजनाचेही. 'मासा' हा संस्कृत 'माष' या शब्दावरून आला आणि 'माष' म्हणजे उडीद.

आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा, हे कोष्टक जुन्या पिढीला पाठ असे. ब्रिटिश अमलात १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला गेला. आजच्या हिशेबाने तो ११.६६ ग्रॅम होतो. त्यानुसार मासा एका ग्रॅमपेक्षा किंचित कमी आणि गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची भरते.

या आकड्यांतच एक महत्त्वाची गोष्ट लपलेली आहे. मासा जवळपास एका ग्रॅमचा, पण उडदाचा एक दाणा हातात घेतला तर तो त्याच्या दहाव्या हिश्शाइतकाही भरत नाही. म्हणजे नाव उडदाचे राहिले आणि वजन उडदापासून केव्हाच सुटून गेले. मापांच्या इतिहासात हे वारंवार घडते. बी केवळ नाव देते. वजन ठरवतो तो बाजार, राजा किंवा कायदा. आज महाराष्ट्र-गोव्यातल्या बोलण्यात 'तोळा' म्हणजे सरळ १० ग्रॅम, हेही त्याचेच उदाहरण. जुन्या तोळ्यापेक्षा तो जवळजवळ पावणेदोन ग्रॅमने हलका आहे, पण नाव तेच आहे.

शुद्धतेसाठीही मराठीला परक्या शब्दाची गरज नव्हती. कसोटीच्या दगडावर सोने घासून त्याचा कस पाहायचा, ही रीत. त्यातूनच उत्तम सोन्याला 'बावनकशी' म्हटले गेले. उत्तरेकडे सर्वांत शुद्ध सोन्याला 'बारहबानी' म्हणत आणि अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी'त या पद्धतीची नोंद आहे. कुठे बावन, कुठे बारा, कुठे चोवीस. सोने तेच, फक्त पूर्णत्वाचा आकडा प्रत्येकाने आपापला निवडला.

एक नाव, तीन बाजार

हिऱ्यांच्या व्यापारात मात्र दक्षिण भारत आणि युरोप यांची मापे एकमेकांसमोर आली, आणि त्यात गोवा मोक्याच्या जागी होता. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवण्याचे काम प्रामुख्याने भारताकडे होते आणि त्यातले मोठे प्रमाण दख्खनच्या खाणींचे होते. तिथे हिरे तोलण्याचे माप होते मंजाडीचे. मराठीत ज्या झाडाला रतनगुंज म्हणतात त्याची ही तकतकीत लाल बी. पोर्तुगीजांनी त्या मापाला 'मांगेलिम' म्हटले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधी द्रव्यांवरचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात हिऱ्यावरही एक प्रकरण आहे आणि मोठमोठ्या हिऱ्यांची वजने त्याने याच मापात दिली आहेत.

शंभरेक वर्षांनी फ्रेंच जवाहिर ज्याँ-बाप्तिस्त ताव्हर्निए याने आपल्या प्रवासवर्णनात या मापाविषयी जे नोंदवले, ते कोणत्याही खरेदीदाराला सावध करणारे आहे. रावळकोंड्याच्या खाणीवर एक मांगेलिन पावणेदोन कॅरेटचे, म्हणजे सात ग्रेनचे होते. गोवळकोंडा आणि विजापूरच्या राज्यांत तेच माप एक कॅरेट आणि तीन अष्टमांश इतके भरत असे. गोव्यातील पोर्तुगीजही तेच नाव वापरत, पण त्यांचे मांगेलिन पाचच ग्रेनचे, म्हणजे सव्वा कॅरेटचे होते.

याचा व्यवहारातला अर्थ काय होतो? '१०० मांगेलिन' वजनाचा हिरा असे कोणी सांगितले, तर तो खाणीच्या मापाने १७५ कॅरेटचा, गोवळकोंड्याच्या मापाने साडेसदतीस वर शंभर म्हणजे १३७.५ कॅरेटचा आणि गोव्याच्या मापाने १२५ कॅरेटचा ठरतो. काही दिवसांच्या प्रवासाच्या अंतरात पन्नास कॅरेटचा फरक. ज्याला हा फरक माहीत होता तो व्यापारी कमावत असे. ज्याला नाही, तो गमावत असे.

बिया खरोखर सारख्या असतात काय?

कॅरोबची बी माप म्हणून का निवडली गेली, याचे एक कारण पुस्तकांतून पुन्हा पुन्हा सांगितले जाते: तिच्या सर्व बिया वजनाला तंतोतंत सारख्या असतात. ही समजूत इतकी रूढ होती की ती तपासून पाहावी असे फार कोणाला वाटले नाही. अखेर २००६ मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स' या शोधपत्रिकेत लिंडसे टर्नबुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांनी कॅरोबच्या बिया तोलल्या आणि इतर अनेक वनस्पतींच्या बियांशी त्यांची तुलना केली. कॅरोबच्या बियांच्या वजनातला चढउतार इतर बियांसारखाच निघाला. त्यांच्यात खास एकसारखेपणा नव्हता.

याच संशोधनाची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. माणसे नुसत्या नजरेने या बिया निवडू शकतात आणि सुमारे ५ टक्क्यांचा फरकही त्यांच्या ध्यानात येतो, असे त्यात आढळले. म्हणजे फार लहान आणि फार मोठ्या बिया बाजूला काढून मधल्या बिया ठेवणे व्यापाऱ्याला सहज शक्य होते. बियांतला एकसारखेपणा निसर्गाने दिलेला नव्हता. तो निवडणाऱ्याच्या डोळ्यांतून आणि प्रामाणिकपणातून आला होता. अर्थात त्याच डोळ्यांना हवे तर खरेदीसाठी जड बिया आणि विक्रीसाठी हलक्या बियाही निवडता आल्या असत्या. म्हणूनच प्रत्येक मोठ्या बाजाराने पुढे धातूची वजने आणली.

वजन न बदलता वाढलेला हिरा

धातूच्या वजनांनी बियांचा प्रश्न सुटला, शहरांचा सुटला नाही. फ्लॉरेन्सचा कॅरेट सुमारे १९७ मिलिग्रॅमचा होता, तर लंडनचा सुमारे २०५ मिलिग्रॅमचा. हा फरक चिमूटभरही नाही, पण हिऱ्याची किंमत लक्षात घेता तो दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. १९०७ मध्ये वजनमापांच्या चौथ्या सर्वसाधारण परिषदेने मेट्रिक कॅरेट नेमका २०० मिलिग्रॅमचा असावा असे ठरवले. अमेरिकेतील व्यापाराने तो १९१३ मध्ये स्वीकारला आणि ब्रिटनमध्ये १९१४ पासून तो अमलात आला.

या बदलाचा परिणाम पाहायचा तर जगप्रसिद्ध कलिनन हिऱ्याचे उदाहरण घ्यावे. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो सापडला तेव्हा त्याचे वजन ३,०२५ आणि तीन चतुर्थांश कॅरेट नोंदवले गेले. आजच्या पुस्तकांत तेच वजन ३,१०६ कॅरेट असे दिलेले असते. दगड तोच, वजनही ६२१ ग्रॅमच. मधल्या काळात कॅरेट लहान झाला, म्हणून आकडा मोठा झाला. कोहिनूरचेही तसेच. १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडण्यापूर्वीचे त्याचे वजन काही ठिकाणी १८६ कॅरेट, तर काही ठिकाणी १९१ कॅरेट असे आढळते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला जुन्या कॅरेटचा आहे, दुसरा मेट्रिक कॅरेटचा. नव्याने पैलू पाडल्यानंतर तो १०५.६ मेट्रिक कॅरेटचा उरला.

आज एका कॅरेटचे शंभर भाग करतात. त्यातल्या एका भागाला जगभर 'पॉइंट' म्हणतात. आपल्याकडील जवाहिर त्याला 'सेंट' म्हणतात. '५० सेंटचा हिरा' म्हणजे अर्ध्या कॅरेटचा, म्हणजेच १०० मिलिग्रॅमचा हिरा.

पावती वाचताना

हा सगळा इतिहास जाणून घेतल्यावर पावतीवरच्या दोन ओळी निराळ्या दिसू लागतात. समजा, एका अंगठीचे एकूण वजन ४.२० ग्रॅम आहे. तिच्यात ०.५० कॅरेटचा हिरा आहे, म्हणजे त्याचे वजन ०.१० ग्रॅम. तेव्हा धातूचे निव्वळ वजन ४.१० ग्रॅम. तो धातू १८ कॅरेटचा, म्हणजे चोविसांपैकी अठरा भाग सोन्याचा. त्यामुळे अंगठीतले शुद्ध सोने सुमारे ३.०८ ग्रॅम आहे. सोन्याचा दर एकूण वजनावर लावला गेला असेल, तर हिऱ्याच्या वजनाचे पैसे ग्राहकाने एकदा हिरा म्हणून आणि पुन्हा सोने म्हणून दिलेले असतात. अर्ध्या कॅरेटच्या एका हिऱ्यात हा फरक अल्प वाटेल. खड्यांनी मढवलेल्या हारात तो अल्प राहत नाही.

म्हणूनच हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या पावतीवर मौल्यवान धातूचे निव्वळ वजन आणि शुद्धता स्वतंत्रपणे लिहिलेली असावी लागते. दागिन्यावरच्या शिक्क्यात भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरांकांचा 'एचयूआयडी' क्रमांक असतो. हॉलमार्किंगची सक्ती १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे दागिने विकताना हा सहा अक्षरांकी क्रमांक अनिवार्य झाला. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अॅपवर तो क्रमांक टाकून ग्राहकाला स्वतः पडताळणी करता येते.

शुद्धतेच्या शिक्क्यात '२२के९१६' असे लिहिलेले असते. त्यातला 'के' कॅरेटचा, आणि ९१६ म्हणजे हजार भागांपैकी ९१६ भाग सोने. बावीसला चोविसांनी भागले की हाच आकडा येतो. १८ कॅरेटसाठी तो ७५० असतो. एका अर्थाने या छोट्याशा शिक्क्यात दोन युगे शेजारी उभी आहेत. 'बावीस' हा कॉन्स्टंटाइनच्या नाण्याचा वारसा आहे आणि '९१६' हा दशमान पद्धतीचा. अमेरिकन इंग्रजीने तर सोन्याचा कॅरेट 'के'ने आणि हिऱ्याचा कॅरेट 'सी'ने लिहून दोघांची फारकतच करून टाकली आहे. मराठीत दोन्हींसाठी एकच अक्षरलेखन असल्यामुळे आपल्या ग्राहकाला संदर्भ पाहूनच अर्थ ओळखावा लागतो.

कॅरोबच्या बिया कधीच तंतोतंत सारख्या नव्हत्या, उडीद कधीच माशाएवढा नव्हता आणि गोव्याचे मांगेलिन खाणीवरच्या मांगेलिनशी जुळत नव्हते. या मापांना किंमत होती ती देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने एकच अर्थ मान्य केला तेवढ्यापुरतीच. तेव्हा पुढच्या वेळी पावती हातात आली की दोन्ही कॅरेट वेगळे वाचावेत, निव्वळ वजनाचा रकाना भरलेला आहे ना ते पाहावे, आणि तो रिकामा असेल तर दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच विचारावे.